तपासणीत पास, तरी चुकीचे

कुपवाड एमआयडीसीत हळद शिजवायची आणि पॉलिश करायची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याचे मराठी हस्तपुस्तक आम्ही वर्डमधून संरचित फ्रेममेकरमध्ये, म्हणजे मोठी तांत्रिक पुस्तके बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणले. पाने शंभराच्या आसपास, म्हणजे काम फार मोठे नव्हे. पण मूळ फाइलवर दहा-बारा वर्षांत अनेकांचे हात फिरले होते. काही प्रकरणे जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली, काही युनिकोडमधली, वंगणाचे तक्ते भलत्याच फाइलमधून आणून चिकटवलेले आणि धोक्याच्या सूचना रंगीत चौकटींत टाकलेल्या. सांगली भागात जानेवारीपासून हळद निघू लागते आणि मग शिजवणीचे कुकर, पॉलिशचे ड्रम दिवसभर चालतात. पुस्तक त्याआधी यंत्राबरोबर जायला हवे होते.

पहिल्यांदा सगळी फाइल एकदम आत घेऊन पाहिली. स्ट्रक्चर व्ह्यू, म्हणजे फाइलची रचना दाखवणारी खिडकी, वरपासून खालपर्यंत लाल झाली. या लाल खुणा एकेक करून पुसत बसणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. खूण दिसते तिथे बिघाड क्वचितच असतो. तो दोन-तीन टप्पे मागे, वर्डच्या फाइलमध्ये असतो. तिथे एका शैलीचा घोळ असेल तर इथे चाळीस खुणा उमटतात. मागे जाऊन ती एक शैली दुरुस्त केली आणि फाइल पुन्हा आत घेतली, की चाळीसही जातात. म्हणून आम्ही आयात केलेली प्रत बाजूला ठेवून दिली आणि काम मूळ फाइलपासून सुरू केले. प्रत्येक टप्प्यानंतर वेगळी प्रत, नावात क्रमांक: ०१ मूळ, ०२ युनिकोड, ०३ शैली, ०४ तक्ते. पुढच्या टप्प्यावर काही फसले तर कुठे परतायचे हे या क्रमांकांमुळेच कळते.

संरचित म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. साध्या फाइलमध्ये मजकुराला रूप असते: ठळक, १४ पॉइंट, डावीकडून अर्धा इंच. संरचित फाइलमध्ये त्याला नाव असते: शीर्षक, कृती, इशारा. असा नाव दिलेला तुकडा म्हणजे एलिमेंट. कोणत्या नावाच्या आत कोणते नाव चालते याचे नियम ईडीडी नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असतात, आणि एक्सएमएलच्या, म्हणजे हीच नावे साध्या मजकुरात खुणा करून साठवणाऱ्या स्वरूपाच्या, बाजूने तेच नियम डीटीडी नावाच्या फाइलमध्ये असतात. आयात करायची म्हणजे रूपावरून नाव ओळखायचे. मूळ लेखकाने एकच रूप तीन अर्थांनी वापरले असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर ते ओळखू शकणार नाही.

सुरुवात लिपीपासून. मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे ओळखायची सोपी रीत अशी: वर्डमध्ये परिच्छेद निवडून फॉन्ट एरियल करा. अक्षरे मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे उमटली तर जुना फॉन्ट. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेला असतो इंग्रजी अक्षराचा कोड, आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो. फ्रेममेकर ८ या २००७ च्या आवृत्तीपासून युनिकोड हाताळतो, पण आत येणारा मजकूरच युनिकोड नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

जुना मजकूर युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढण्याआधी एक काम हमखास करावे. जुन्या फॉन्टच्या परिच्छेदांत मधेच खरे इंग्रजी शब्द असतात: मोटरचे मॉडेल, बोल्टचे माप, बेअरिंगचा क्रमांक. सगळा परिच्छेद कन्व्हर्टरला दिला की इंग्रजी शब्दही मराठी कोड समजून बदलले जातात आणि निरर्थक अक्षरे उरतात. आकड्यांचे तर आणखी वाईट. बेअरिंग 6205 चा क्रमांक पुस्तकात इंग्रजी आकड्यांतच राहायला हवा, कारण दुकानदार बेअरिंगवर कोरलेला क्रमांक त्याच आकड्यांत वाचतो आणि पीडीएफमध्ये शोधतानाही तोच टाकला जातो. कन्व्हर्टर तो देवनागरी करून टाकतो. म्हणून वर्डच्या शोधा-बदला खिडकीत शोधायच्या चौकटीला फक्त जुन्या फॉन्टचे नाव फॉरमॅट म्हणून दिले, तेवढा मजकूर रंगवून घेतला आणि रंगवलेलाच रूपांतरित केला. बिनरंगी राहिलेले इंग्रजी तुकडे हात न लावता तसेच ठेवले.

कन्व्हर्टरमधून बाहेर आलेला मजकूर पडद्यावर बरा दिसतो, आणि फसगत तिथेच होते. पुढचे तुकडे शोधा-बदलामध्ये एकेक करून टाकले आणि प्रत्येकाचे नग सापडले. पहिला तुकडा म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि लगेच पाय मोडल्याची खूण. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते. कच्चा कन्व्हर्टर ती उचलून पुढच्या एकाच व्यंजनानंतर ठेवतो, जोडाक्षर पूर्ण होऊ देत नाही. त्यामुळे ‘स्थिती’चे ‘सि्थती’ आणि ‘व्यक्तिगत’चे ‘व्यकि्तगत’ होते. वेलांटीनंतर पाय मोडणे मराठीत कुठेच बरोबर नसते, म्हणून हा शोध निर्धास्त करता येतो. दुसरा तुकडा म्हणजे काना आणि मात्रा असे दोन कोड शेजारी: ‘ो’ हे एक चिन्ह हवे, तिथे ‘ा’ आणि ‘े’ वेगवेगळे. तसेच ‘आ’च्या जागी ‘अ’ला जोडलेला काना. डोळ्यांना पुष्कळदा दोन्ही एकसारखेच दिसतात. पण पीडीएफमध्ये ‘ऑइल’, ‘मोटर’ किंवा ‘आवाज’ शोधला की काहीच सापडत नाही, आणि मागची सूची लावली की ‘अा’ने सुरू होणारे शब्द ‘अ’च्या रांगेत जाऊन बसतात. हे सगळे सरसकट बदलले तरी चालते.

सरसकट बदलता येत नाही ती गोष्ट म्हणजे रफार. ‘फिरणाऱ्या ड्रमजवळ हात नेऊ नका’ हे वाक्य आयातीनंतर ‘फिरणार्या’ झाले होते, ‘शेतकऱ्यांनी’चे ‘शेतकर्यांनी’ झाले होते आणि विक्रेत्यांच्या यादीत ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत र, पायमोड आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह. दुसऱ्या रीतीत नुक्ता असलेला ऱ, कोड यू+०९३१, आणि त्याला पायमोड. पहिल्या रीतीतले न दिसणारे चिन्ह फार नाजूक असते. फाइल एखाद्या टेक्स्ट एडिटरमधून गेली, कुणी ‘अदृश्य चिन्हे काढा’ असे बटण दाबले, की ते गळते, आणि मागे उरतो साधा रफार. चूक इतकी मराठी दिसते की स्पेलिंग तपासल्याशिवाय लक्षातही येत नाही.

उपाय दोन भागांत केला. आधी जिथे जॉइनर शिल्लक होता, तिथे ‘र, पायमोड, जॉइनर’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, पायमोड’ हे सरसकट घातले, म्हणजे पुढे काहीही गळले तरी अक्षर टिकते. मग जिथे जॉइनर आधीच गळला होता, ती ठिकाणे शोधली. ‘र्या’ दिसले की बदलले असे करता येत नाही, कारण ‘मर्यादा’, ‘पर्याय’, ‘कार्यालय’, ‘सूर्या’ हे सगळे रफारानेच बरोबर आहेत. आमचा ठोकताळा असा: मूळ शब्द रा किंवा रीने संपणारा असेल आणि त्याचे सामान्यरूप झाले असेल, तर ऱ्या. फिरणारा-फिरणाऱ्या, दुसरा-दुसऱ्या, शेतकरी-शेतकऱ्यांनी. म्हणून ‘णार्या’ सरसकट बदलले, ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘शेतकर्या’ पूर्ण शब्द म्हणून बदलले, आणि उरलेले एकेक पाहून. ‘र्ह’साठी वेगळा शोध घेतला: कऱ्हाड, गुऱ्हाळ, ऱ्हास. या एका अक्षरावर सकाळ गेली, पण ती लिपीच्या टप्प्यावर गेली म्हणून फक्त सकाळ. हेच पुस्तक पन्नास-साठ एक्सएमएल फाइलींत विभागले गेल्यावर केले असते, तर आठवडा गेला असता. हाच नियम ‘ॲ’ला लागू पडतो. अ, जॉइनर आणि चंद्र अशी जोडणी न ठेवता युनिकोडचे स्वतंत्र ‘ॲ’ वापरावे.

अक्षरे मराठी न दिसता भलतेच काही दिसत असेल, तर ते काय दिसते यावरूनच कारण कळते. रिकाम्या चौकटी दिसल्या तर मजकूर शाबूत आहे, फॉन्टमध्ये देवनागरी नाही, फॉन्ट बदला. ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला चिकटलेली मात्रा दिसली, तर मात्रेला आधाराचे अक्षर नाही, म्हणजे क्रम बिघडला आहे. दर अक्षरामागे तीन लॅटिन चिन्हे आणि त्यांतले पहिले सतत तेच, म्हणजे यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रीतीतली फाइल दुसऱ्या रीतीने, दुसऱ्या एन्कोडिंगने, वाचली गेली आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते, म्हणून ही तीनाची रांग. एन्कोडिंग योग्य सांगून फाइल पुन्हा उघडली की ती सरळ होते. आणि नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर मजकूर गेला. तो कुठल्याच खटपटीने परत येत नाही. मागची क्रमांकाची प्रत काढा. कोणीतरी फाइल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये साठवल्याचा तो परिणाम असतो.

फ्रेममेकरमध्ये देवनागरी जुळते का, याची परीक्षा पूर्ण पुस्तक आणण्याआधी एका ओळीवर घ्यावी. युनिकोड साठवता येणे आणि जोडाक्षरे जुळवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमची ओळ अशी होती: क्ष, ज्ञ, श्री, ट्र, द्ध, हृ, ऱ्या, ऱ्हा, र्थि. ती टेम्प्लेटमध्ये टाकायची, पीडीएफ काढायचा आणि पीडीएफमधून तीच ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायची. पडद्यावर ठीक, छापून ठीक, पण चिकटवल्यावर तुटलेली ओळ मिळाली तर पीडीएफमध्ये शोध चालणार नाही. तेव्हा फॉन्ट बदलून पाहा.

लिपी झाली की शैली. इथे फ्रेममेकर काय पाहतो हे माहीत असेल तर निम्मे प्रश्न सुटतात. वर्डमधली शैली आत येताना परिच्छेदाचा टॅग होते. शैलीवर हाताने केलेले बदल, म्हणजे बटण दाबून ठळक केलेले किंवा रूलर ओढून सरकवलेले, हे टॅगवरचे ओव्हरराइड म्हणून येतात. टॅगच्या नावाशेजारी तारका दिसते ती त्याचीच. संरचना लावणारा कन्व्हर्जन टेबल मुख्यतः टॅगची नावे वाचतो. हाताने केलेले ठळक अक्षर त्याला एरवी दिसत नाही. त्यामुळे ‘मुख्य स्विच बंद करून मगच झाकण उघडा’ यातला ठळक ‘मगच’ साधा होऊन जातो, आणि त्याबद्दल एकही चूक दाखवली जात नाही.

वर्डमध्येच याचा बंदोबस्त केला. शोधा-बदलामध्ये शोधायचे फॉरमॅट ‘ठळक’, बदलायचे फॉरमॅट एक अक्षरशैली, तिला नाव दिले ‘जोर’. मग परिच्छेदांच्या शैली. मूळ फाइलमध्ये जवळपास सगळा मजकूर ‘नॉर्मल’ शैलीत होता आणि मथळे नुसते आकार वाढवून केलेले. आम्ही मोजक्या शैली ठरवल्या: विषय-शीर्षक, प्रास्ताविक, पूर्वतयारी, कृती, कृती-माहिती, परिणाम, धोका, इशारा, खबरदारी, टीप, तक्ता-शीर्षक, चित्र-शीर्षक आणि साधा परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदाला यांतली एक शैली मिळालीच पाहिजे. नॉर्मल शैलीत एकही परिच्छेद उरला नाही, याची खात्री शोधून केली. हे हाताने करायचे काम आहे. त्याला पळवाट नाही, आणि असू नये, कारण कोणता परिच्छेद कृती आहे आणि कोणता नुसती माहिती, हे वाचणाऱ्यालाच कळते.

शैलीच्या नावांबद्दल एक सूचना. वर्डमध्ये काही शैलींच्या नावात स्वल्पविराम असतो, म्हणजे मूळ नाव आणि पुढे तिचे लघुनाव. कन्व्हर्जन टेबलमध्ये स्वल्पविराम, कंस, अधिक, तारका, प्रश्नचिन्ह या सगळ्यांना स्वतःचे अर्थ आहेत. नावातला स्वल्पविराम तो ‘यानंतर हे’ असा वाचतो आणि नियम लागूच होत नाही. अशा नावांशी झगडण्यापेक्षा शैलीचे नाव आयातीआधी साधे करणे बरे. वर्डची आणखी एक खोड: देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तो ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या वेगळ्या खान्यात ठेवतो. शैलीत नुसता वरचा फॉन्ट बदलला तर मराठी अक्षरांना काही होत नाही. शैली बदलूनही मजकूर तसाच दिसला तर पहिल्यांदा तो खाना पाहा.

आता बारीकसारीक साफसफाई, जी केली नाही तर रिकामे एलिमेंट जागोजागी तयार होतात. दोन परिच्छेदांत अंतर ठेवायला मारलेले रिकामे एंटर काढले. शिफ्ट-एंटरने तोडलेल्या ओळी पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच खऱ्या तर स्वतंत्र कृती होत्या, त्यांना स्वतंत्र परिच्छेद केले. हाताने टाइप केलेले क्रमांक काढले, नाहीतर फ्रेममेकरचा आपोआप येणारा क्रमांक आणि टाइप केलेला असे दोन्ही छापले जातात: ‘१. १) बेल्ट सैल करा.’ मात्र क्रमांक काढण्याआधी मजकुरात ‘वरील कृती ४ पाहा’ असे उल्लेख कुठे आहेत, ते शोधून रंगवून ठेवले. ‘पान १४ पाहा’ असेही उल्लेख होते आणि ते सगळे टाइप केलेले, जिवंत नसलेले. आत आल्यावर त्यांच्या जागी खरे क्रॉस-रेफरन्स घातले.

चित्रांचा सोपा मार्ग हा: वर्डच्या डीओसीएक्स फाइलच्या एका प्रतीचे एक्स्टेंशन झिप करा आणि उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया फोल्डर असतो आणि त्यात सगळी चित्रे फाइलमध्ये साठवलेल्या दर्जात मिळतात. त्यांना अर्थपूर्ण नावे दिली, नावात मोकळी जागा आणि उलटी तिरपी रेघ ठेवली नाही, आणि फ्रेममेकरमध्ये ती ‘संदर्भाने’ जोडली. मजकुराबरोबर आत कॉपी झालेली चित्रे एक्सएमएल साठवताना त्रास देतात, म्हणून ती वर्डमधून आधीच काढून टाकून त्या जागी नाव लिहून ठेवले.

तक्त्यांना वेळ लागतो. वंगणाच्या तक्त्यात ‘मुख्य शाफ्ट’ हा खाना तीन ओळींवर पसरला होता, आणि एका खान्यात चक्क दुसरा तक्ता होता. फ्रेममेकरमध्ये तक्त्याच्या आत तक्ता थेट बसत नाही. तो फोडून दोन केला. जोडलेले खाने वर्डमध्येच मोकळे केले, प्रत्येक ओळीत स्तंभाइतकेच खाने आहेत हे मोजले, पहिल्या ओळीला ‘प्रत्येक पानावर शीर्ष ओळ’ ही खूण दिली आणि मग आयात केले. आत आल्यावर स्ट्रॅडल करून खाने पुन्हा जोडले. हे उलटसुलट वाटेल, पण जोडलेल्या खान्यांची माहिती एक्सएमएलमध्ये वेगळ्या रीतीने लिहिली जाते: कोणत्या स्तंभापासून कोणत्यापर्यंत आणि किती जास्त ओळी. ती माहिती फ्रेममेकरने स्वतः लिहिली की स्तंभांची संख्या आणि खाने जुळतात. वर्डकडून आली की एखाद्या ओळीत एक खाना जास्त निघतो आणि पूर्ण तक्ता नाकारला जातो.

एवढे झाल्यावर कन्व्हर्जन टेबल. तो स्वतः एक साधा तीन स्तंभांचा तक्ता असतो. पहिल्या स्तंभात काय गुंडाळायचे, दुसऱ्यात कोणत्या एलिमेंटमध्ये, तिसऱ्यात तात्पुरती ओळख. परिच्छेदाला पी, अक्षरशैलीला सी, तक्त्याला टी, चित्राला जी आणि आधीच तयार झालेल्या एलिमेंटला ई असे अक्षर, पुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि नाव. फ्रेममेकर कागदपत्र पाहून पहिला कच्चा टेबल आपणच बनवून देतो; त्यात शैली आलेल्या असतात, पुढची रचना आपण लिहायची. ती खालून वर बांधावी. कृती ही शैली डिटाच्या, म्हणजे तांत्रिक पुस्तकांसाठी ठरलेल्या एक्सएमएल नियमसंचाच्या, सीएमडी एलिमेंटमध्ये. मग एक सीएमडी आणि त्यामागे शून्य किंवा अधिक माहिती मिळून एक स्टेप. एक किंवा अधिक स्टेप मिळून स्टेप्स. पूर्वतयारी असेल तर ती, मग स्टेप्स, मग परिणाम असेल तर तो, हे मिळून टास्कबॉडी. शीर्षक आणि टास्कबॉडी मिळून टास्क.

तिसऱ्या स्तंभातली तात्पुरती ओळख फार कामाची आहे. साधा परिच्छेद दोन ठिकाणी येतो, कृतीच्या खाली आणि प्रास्ताविकात. दोन्हीकडे शेवटी तोच पी एलिमेंट हवा, पण वर गुंडाळताना ते वेगळे ओळखू यायला हवेत. म्हणून कृतीखालच्या शैलीला ‘कृतीतला’ अशी ओळख दिली, वरच्या नियमात ई नंतर नाव आणि चौकोनी कंसात ती ओळख लिहिली. तयार कागदपत्रात तिचा मागमूस राहत नाही.

टेबल चालवल्यावर सर्वांत बाहेरच्या एलिमेंटचे नाव ‘नोनेम’ आले तर घाबरायचे नाही. याचा अर्थ एवढाच, की नियम वरपर्यंत पोहोचले नाहीत. मधेच एखादा तुकडा कोणत्याच नियमात बसला नाही आणि वरची साखळी तुटली. स्ट्रक्चर व्ह्यूमध्ये नोनेमच्या थेट खाली काय काय लटकले आहे ते पाहा. टास्कबॉडीच्या शेजारी एकटाच परिच्छेद सापडेल. आमच्याकडे तो दर वेळी एकच निघाला: कृतींच्या मध्ये येणारा ‘आता दुसरी बाजू’ असा उपमथळा. डिटाच्या टास्कमध्ये स्टेप्सच्या मध्ये मथळा चालत नाही. नियम सैल करण्याऐवजी तिथे विषय दोन केले, आणि वाचायलाही ते बरे झाले.

स्ट्रक्चर व्ह्यूमधल्या खुणांचे अर्थ एकदा पाठ करावेत. लाल चौकोनी भोक म्हणजे तिथे हवे असलेले एलिमेंट नाही. तुटक लाल रेष म्हणजे एलिमेंट आहे, पण जागा चुकीची. ॲट्रिब्यूटचे, म्हणजे एलिमेंटला जोडलेल्या गुणधर्माचे, नाव लाल म्हणजे किंमत भरायची राहिली किंवा चालत नाही अशी भरली. व्हॅलिडेट कमांड त्यांच्यातून एकेक करून नेते. त्या खिडकीत ‘विशेष बाब म्हणून चालवा’ अशा अर्थाचे बटण आहे. ते दाबले की ती खूण पुढच्या तपासणीत दिसत नाही, पण चूक जागच्या जागी राहते आणि एक्सएमएल वाचणाऱ्या दुसऱ्या साधनात पुन्हा वर येते. आधी कुणी दाबले असेल तर विशेष बाबी पुसण्याचे बटणही तिथेच आहे. तपासणीची सुरुवात त्याने करावी.

एक्सएमएल म्हणून साठवून पुन्हा उघडणे ही खरी परीक्षा. त्रुटींची यादी आली की फक्त पहिली वाचावी, दुरुस्त करावी आणि पुन्हा उघडावे. पहिल्या चुकीनंतर फाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा ताल चुकलेला असतो, खालच्या पंधरा चुका बहुतेक तिच्याच सावल्या असतात. आमच्याकडे आयडीच्या चुका सर्वांत जास्त निघाल्या. विषयाचा आयडी, म्हणजे त्याची ओळख-खूण, आकड्याने सुरू होत नाही, त्यात मोकळी जागा चालत नाही आणि एकच आयडी एका फाइलमध्ये दोनदा येत नाही. बाहेर टेक्स्ट एडिटरमध्ये केलेल्या दुरुस्त्यांत ‘नट & बोल्ट’ असे लिहिलेले सापडले; एक्सएमएलमध्ये ते चिन्ह उघडे लिहिता येत नाही, त्याची एंटिटी, म्हणजे ठरलेले सांकेतिक रूप, लिहावी लागते. फाइल उघडली पण सगळा मजकूर एकाच साध्या रूपात, तक्त्यांचे परिच्छेद झालेले, असे दिसले तर मजकुरात काही बिघडलेले नसते. उघडताना स्ट्रक्चर ॲप्लिकेशन निवडायचे राहिलेले असते किंवा चुकीचे निवडलेले असते. काही न बदलता बंद करून पुन्हा उघडा.

एखादे फ्रेममेकर कागदपत्र विनाकारण विचित्र वागू लागले, कुठे वापरलेला दिसत नसतानाही जुन्या फॉन्टची मागणी करत राहिले, तर ते एमआयएफ स्वरूपात साठवून, तेच उघडून पुन्हा मूळ स्वरूपात साठवले. एमआयएफ हे साध्या मजकुराचे स्वरूप आहे, त्यामुळे जुन्या फॉन्टचे नाव कोणत्या शैलीत दडले आहे हे त्यात शोधूनही सापडते.

इथवर आल्यावर व्हॅलिडेट कमांडने सगळ्या फाइली पास केल्या. आणि तरीही पुस्तक छापायला देण्याजोगे नव्हते. नियम फक्त नावे आणि जागा पाहतात; मजकूर पूर्ण आहे का, हे ते पाहत नाहीत. मूळ पुस्तकात मरण येऊ शकेल असा धोका आणि बोट चेंगरण्याची शक्यता, दोन्हींना ‘टीप’ म्हटलेले होते. डिटाच्या नोट एलिमेंटला प्रकार हा ॲट्रिब्यूट असतो. धोका, इशारा, खबरदारी असे वेगळे करून तो भरला. टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच तिथे धोका, होऊ शकेल तिथे इशारा, किरकोळ किंवा मध्यम इजा असेल तिथे खबरदारी. प्रकार न भरलेली नोटही नियमाने वैधच ठरते, म्हणून अशा नोट शोधून एकेक वाचाव्या लागल्या.

मग शब्दांची मोजणी. वर्डच्या शब्दगणनेच्या खिडकीत तळाशी एक चौकोन असतो: मजकूरचौकटी आणि तळटिपा धरून मोजा. तो आधी रिकामा ठेवून आणि मग खूण करून आकडा पाहा. तळटिपा नसतील तर दोन्हींतला फरक म्हणजे चौकटींत अडकलेला मजकूर. चौकट ही मुख्य मजकुराच्या ओघात नसते. आयातीत ती बाजूच्या फ्रेममध्ये जाते किंवा गळते, कन्व्हर्जन टेबल तिला स्पर्श करत नाही, आणि जे नाही त्याबद्दल तपासणी काही बोलत नाही. आमच्या प्रतीत फरक निघाला. वर्डच्या निवड-पट्टीत त्या त्या पानावरच्या चौकटींची यादी मिळते. एकेक उघडून मजकूर ओघात आणला, योग्य शैली दिली आणि त्या विषयांची आयात पुन्हा केली.

शेवटचे वाचन कारखान्याच्या शेडमध्ये, यंत्राशेजारी झाले. एकजण छापील प्रत मोठ्याने वाचत होता आणि जुने फिटर प्रत्येक कृती यंत्रावर बोट ठेवून करून दाखवत होते. बेल्ट बदलण्याच्या विषयात दुसऱ्या कृतीवर ते थांबले. ‘आधी मेन स्विच काढून फ्यूज खिशात घालायचा की वो, त्ये कुठाय ह्यात?’ ते वाक्य मूळ पुस्तकात होते, पण शब्द म्हणून नव्हे. ते चित्राच्या आत, लाल अक्षरांत रंगवलेले होते, आणि चित्र बदलून नवे घातल्यावर तेही गेले. वर्डची शब्दमोजणी चित्रातली अक्षरे मोजत नाही. त्या दुपारी मीडिया फोल्डरमधली सगळी जुनी चित्रे पुन्हा उघडली, आतली अक्षरे कागदावर उतरवून घेतली आणि प्रत्येक ओळ कोणत्या विषयात, कोणत्या एलिमेंटमध्ये गेली याची खूण तिच्यापुढे केली.